तिखटाची आग आणि प्रकाशाची चाहूल

तिखट ही चव आहे, असे आपण सहज म्हणतो. शरीराच्या दृष्टीने मात्र ती वेदना आहे. मिरचीतील कॅप्सायसिन तोंडातील वेदनाग्राही चेतातंतूंच्या टोकांवर असणाऱ्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनाला चिकटते, आणि सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की हेच प्रथिन उष्णतेनेही कार्यान्वित होते. त्यामुळे ठेचा खाल्ला काय किंवा कढत चहाचा घोट घेतला काय, मेंदूकडे भाजल्याचीच वर्दी जाते. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखले. स्पर्श व दाब जाणणारी पिएझो प्रथिने शोधणारे आर्डेम पॅटापूटियन आणि ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पोपट मिरच्या निवांत खातो, कारण पक्ष्यांमधील या प्रथिनावर कॅप्सायसिनचा जवळजवळ परिणामच होत नाही.

टीआरपीव्ही-१ हे पेशीपटलातील एक दार आहे. ते उघडले की सोडियम आणि कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत शिरतात, पेशीचा विद्युतभार बदलतो आणि चेतातंतूतून स्पंद धावू लागतो. बोट पोळल्यावर आधी झणका आणि मग रेंगाळणारी आग जाणवते, ती तंतू दोन प्रकारचे असल्यामुळे: मायलिन या स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असलेले तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात, तर आवरण नसलेल्या तंतूंचा वेग जेमतेम अर्धा ते २ मीटर असतो. सुजलेल्या भागात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये या दाराचा उंबरठा खाली आणतात, म्हणून उन्हाने होरपळलेल्या पाठीला कोमट पाणीही सोसवत नाही. या यंत्रणेचे मोल तिच्या अभावात कळते. उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांत जन्मतः वेदनाच न जाणवणारी मुले आढळली, आणि त्यांच्या चेतातंतूंतील सोडियमचे आयन आत सोडणारा एक मार्ग, म्हणजे असेच एक दार, निकामी असल्याचे २००६ मध्ये स्पष्ट झाले. त्या मुलांनी नकळत स्वतःचे ओठ आणि जीभ चावून जखमी केली होती.

दृष्टीची रीत याच्या नेमकी उलट आहे, आणि मला ती अधिक विस्मयकारक वाटते. डोळ्याच्या दृष्टिपटलातील दंडपेशींमध्ये, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या दांड्यासारख्या पेशींमध्ये, आयनांचे मार्ग अंधारात उघडे असतात आणि प्रकाश पडला की मिटतात. ऱ्होडॉप्सिन या प्रथिनात बसलेला, अ जीवनसत्त्वापासून बनणारा रेटिनल हा रेणू प्रकाशकण शोषताच सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळात आपला बाक सोडून सरळ होतो. त्यातून सुरू होणाऱ्या रासायनिक साखळीत प्रत्येक टप्प्यावर संदेश वाढत जातो आणि अखेरीस शेकडो मार्ग बंद होतात. या वर्धनामुळेच एकटी दंडपेशी एकाच प्रकाशकणालाही प्रतिसाद देऊ शकते. अ जीवनसत्त्व कमी पडले की ऱ्होडॉप्सिन पुरेसे बनत नाही, आणि मंद उजेडात काम करणाऱ्या या पेशी सर्वांत आधी निष्प्रभ होतात. रातांधळेपणा तो हाच.