अनाम व्यक्तिछायाचित्रांचा संग्रह

ज्यांतील माणसे कोण, हे आता कोणालाच ठाऊक नाही, अशी एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिछायाचित्रे जमवण्याचा छंद. १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झालेली डॅगेरोटाइप पद्धत, नंतरची अँब्रोटाइप व टिनटाइप आणि १८५४ मध्ये दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने पेटंट घेतलेली, पुठ्ठ्यावर डकवलेली कार्त द व्हिजित (भेटकार्डाएवढे कागदी फोटो) हा या संग्रहांचा मुख्य ऐवज. घरच्यांना चेहरा ओळखीचा असल्याने नाव लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. दोन-तीन पिढ्यांनी घर मोडले आणि फोटो बाजारात आले.

म्हणून संग्राहक चेहऱ्याआधी वस्तू पारखतो. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. जरा तिरका धरला की त्यातला माणूस नाहीसा होऊन पाहणाऱ्याचेच तोंड दिसते. अँब्रोटाइप काचेवर असते. टिनटाइपचा पत्रा लोखंडी, त्याला लोहचुंबक चिकटतो. डॅगेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये प्रतिमा बहुधा उलटी उमटते. त्यामुळे कोटाची बटणे भलत्या बाजूला दिसतात आणि उजव्या हाताने हत्यार धरणारा कारागीर डावखुरा ठरतो. अमेरिकेत १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात फोटोंवर कर होता. कार्डामागे त्याचे तिकीट असेल, तर नाव कळले नाही तरी काळ जवळजवळ नक्की होतो.

या छंदाला जडलेली खोड म्हणजे गोष्टी रचणे. बुटांमागे लोखंडी स्टँडचा पाया दिसला की ‘उभे केलेले प्रेत’ म्हणून फोटोची किंमत चढवली जाते. वास्तविक तो स्टँड जिवंत माणसाची मान हलू नये म्हणून असे. प्रेताचा भार त्याला पेलणारच नाही. मृतांचे फोटो खरोखर काढले जात, पण बहुधा बिछान्यावर निजवून किंवा, मूल असेल तर, आईच्या मांडीवर घेऊन. नुसत्या कानानाकाच्या साम्यावरून प्रसिद्ध माणसाचे नाव चिकटवणे हाही तसलाच प्रकार. त्यापेक्षा अनाम राहिलेले बरे.

खरे नाव कधी कधी डॅगेरोटाइपचा पत्रा काचेखाली ज्या डबीत बसवलेला असतो, तिच्यातच असते: पत्र्यामागे खोचलेल्या चिठोऱ्यावर. पण ते पाहायचे तर पत्रा आणि काच यांच्या कडांना लावलेली मूळ कागदी पट्टी उकलावी लागते. चांदीला हवा लागून ती काळवंडू नये म्हणून ही पट्टी लावलेली असते. पत्र्याचा पृष्ठभाग इतका नाजूक, की कापसाच्या बोळ्यानेही त्यावर ओरखडे उठतात. जाणकार अशी डबी स्वतः न उघडता संवर्धनतज्ज्ञाकडे देतात.