गळका रॅक आणि नखाची परीक्षा

पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीखाली, पुढच्या चाकाच्या जरा मागे, लालसर तेलाचा डाग दिसायला लागला की गॅरेजमधला निकाल ठरलेला असतो : "स्टिअरिंगचा रॅक गेला." कधी कधी तो बरोबरही निघतो. पण गेलं ते नेमकं काय? आतलं रबरी सील, की ज्यावर ते सील घासतं तो पोलादी दांडा? हे दोन आजार वेगळे आहेत. पहिल्याला नव्या सीलांचं किट पुरतं, दुसऱ्यात किट घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

१९९८ची होंडा सिटी, १९९९च्या फोर्ड आयकॉन आणि ह्युंदाई ॲक्सेंट, २००२ची स्कॉर्पिओ या पिढीतल्या पॉवर स्टिअरिंगच्या गाड्या तेलाच्या दाबावर वळतात. नंतरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तेलाऐवजी विजेची मोटर आली आणि गळतीचा प्रश्नच संपला. जुन्या गाड्यांचा मात्र अजून आहे.

रॅक म्हणजे आडवा दातेरी दांडा. स्टिअरिंगच्या खालच्या टोकाचं छोटं चक्र, म्हणजे पिनियन, त्याच्या दात्यांत अडकलेलं असतं. स्टिअरिंग फिरवलं की दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि टोकांचे टाय रॉड चाकं वळवतात. पॉवर स्टिअरिंगमध्ये याच दांड्याच्या गुळगुळीत भागावर पिस्टन बसवलेला असतो आणि त्याभोवती नळकांडं. इंजेक्शनच्या सिरिंजसारखीच रचना, फक्त तेल दोन्ही बाजूंनी सोडता येतं. इंजिनच्या बेल्टवर चालणारा पंप तेल ढकलतो. ते कुठल्या बाजूला जाईल हे पिनियनवरचा व्हॉल्व्ह ठरवतो. या व्हॉल्व्हच्या आत एक बारीक पोलादी सळई असते. तुम्ही स्टिअरिंगला जोर दिला की ती किंचित पिळली जाते आणि त्या पिळानेच तेलाची वाट उघडते. पीळ जास्त, तर मदत जास्त.

अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीत काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग गाडीत बसवून दाखवलं. बाजारातल्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ची क्रायस्लर इम्पीरियल उजाडावी लागली. डेव्हिसच्या रचनेतली मेख अशी की तेल सतत फिरत राहतं, पण दाब फक्त वळवतानाच चढतो. सरळ रस्त्यावर हा दाब जेमतेम काही बार असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका). उभ्या गाडीची चाकं वळवताना तोच ७० बारच्या पुढे जातो. पिस्टनचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर धरलं, तर ७० बारला जवळजवळ ७०० किलो वजनाइतका रेटा तयार होतो. म्हणूनच सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी मागे-पुढे करताना गळती जास्त होते आणि हायवेवर त्या मानाने कमी.

एवढा दाब अडवायचं काम रबराची एक पातळ ओठासारखी कड करते. रबर बहुधा नायट्राइल जातीचं, कारण त्याला खनिज तेल चालतं. दांडा सरकताना कडेखाली तेलाचा अगदी पातळ थर राहतो. तो सीलला वंगण देतो, म्हणून तो हवाच. थर जाड झाला की गळती सुरू. त्यासाठी दांड्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत घासलेला असतो की त्यावरचे उंचसखलपण मायक्रॉनच्या अंशात मोजतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या निम्म्या खोलीचा खड्डासुद्धा या कडेला दरी वाटावा.

इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून रबर कडक होतं, त्याचा लवचिकपणा जातो. हे नैसर्गिक म्हातारपण, आणि त्याला नवं सील हा सरळ उपाय. खरा घात वेगळीकडे होतो. रॅकच्या दोन्ही टोकांना घडीघडीचे रबरी बूट, म्हणजे आवरणं, असतात. बूट फाटला की पावसाळ्यात पाणी आणि चिखल आत जातो, कोकणातल्या गाडीला दमट हवाही पुरते. दांड्यावर गंज धरतो, गंजाखाली बारीक खड्डे पडतात. मग प्रत्येक वळणावर हा खरखरीत भाग सीलमधून आत-बाहेर जातो आणि रबर किसून काढतो. नवं सील घातलं तरी तेच होणार. स्वस्तातला एक बूट वेळेत न बदलल्याने अख्खा रॅक जातो, हे पाहून मला अजून चुटपुट लागते.

यात बाजूलाही अर्थ आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून पिनियनही बहुधा उजव्या अंगाला. त्या बाजूने दांड्याचा दातेरी, ग्रीस लावलेला भाग बाहेर येतो, तो सीलमधून जात नाही. डाव्या टोकाला मात्र गुळगुळीत दांडा थेट बुटात येतो आणि परत सीलमध्ये शिरतो. त्यामुळे गंजाचा संशय आधी डाव्या बाजूवर घ्यावा. फक्त एक फसगत सांभाळा : बऱ्याच गाड्यांत दोन्ही बूट हवेच्या बारीक नळीने जोडलेले असतात, आणि त्यातून तेल इकडचं तिकडे जाऊ शकतं. दोन्ही बूट ओले म्हणजे दोन्ही सीलं गेली असं नाही.

त्याही आधी, गळती रॅकचीच आहे का? पंपाकडून येणाऱ्या जास्त दाबाच्या होजचा, म्हणजे नळीचा, दाबून बसवलेला जोड पाझरतो आणि तेल ओघळून रॅकवर येतं. हा होज गरम सायलेन्सरच्या पाइपजवळून जात असेल तर आगीचाही धोका असतो. सगळं धुऊन, पुसून, कोरडं करून इंजिन चालू ठेवावं, कोणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला लावावं आणि खाली टॉर्च धरून बघावं. पिनियनच्या वरचं सील गळत असेल तर तेल कधी कधी ड्रायव्हरच्या पायाशी उतरतं.

रॅकच दोषी ठरला तर बूट मागे सारून दांडा पुसायचा आणि त्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर किट विसरा. नुसता गंजाचा लालसर डाग असेल, तो बारीक पॉलिश पेपरने गेला आणि नख सुळकन सरकलं, तर सील बदलून बघायला हरकत नाही. काही ठिकाणी दांड्यावर हार्ड क्रोम चढवून ग्राइंडिंग करून देतात. काम चोख असेल तर ते टिकतं. पण सील बदला की अख्खा रॅक, तो उतरवण्याची मजुरी तीच असते, काही गाड्यांत तर खालची फ्रेमही सैल करावी लागते. दांडा संशयास्पद असेल तर बदलूनच टाकावा, असं माझं मत.

गळती थांबवणारी बाटली मिळते. त्यातली रसायनं कडक झालेलं रबर मऊ करून फुगवतात, म्हणून थोडे दिवस फरक दिसतो. खड्डे काही त्याने भरत नाहीत. आणि तेल कमी पडलं म्हणून हाताशी असलेलं ब्रेक ऑइल मुळीच ओतू नका. ते ग्लायकॉलचं असतं, नायट्राइल रबर त्याने खराब होतं आणि सगळ्या सीलांची वाट लागते. बऱ्याच गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, चालतं, होंडाला होंडाचंच लागतं. मॅन्युअल बघावं.

नवा रॅक महाग वाटला तर रिकंडिशन केलेला किंवा कुर्ल्याच्या बाजारातला जुना मिळतो. जुना घेताना दुकानातच बूट काढून तीच नखाची परीक्षा करा. बसवण्यापूर्वी जुनं तेल पूर्ण काढून पाइप धुवायला सांगा, कारण कोरड्या चाललेल्या पंपाने धातूची भुकटी सोडलेली असते आणि ती नव्या सीलांनाही खाते. एअरबॅगची गाडी असेल तर काम चालू असताना स्टिअरिंग बांधून ठेवावं लागतं. ते मोकळं गरगरलं तर आतली रिबनसारखी तार तुटते. शेवटी पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांना फिरवत हवा काढायची. टाकीत फेस दिसला किंवा पंप रडल्यासारखा आवाज करू लागला, तर हवा अजून आत आहे. टाय रॉड हलवलेले असल्याने चाकांची अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजतील.