कल्पित प्रागैतिहासिक जग

लेखी इतिहासापूर्वीच्या काळात घडणाऱ्या कथेसाठी लेखकाने रचलेली भूमी, हवामान, वनस्पती, प्राणी आणि असल्यास माणसे. विज्ञानकथा, चित्रकथा आणि संगणकीय खेळांत असे जग वारंवार भेटते.

रचनेत पहिला निर्णय काळाचा. स्टेगोसॉरस हा शाकाहारी डायनोसॉर सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टायरॅनोसॉरस हा शिकारी डायनोसॉर ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. या दोघांमधले अंतर टायरॅनोसॉरस आणि आपल्यामधल्या अंतरापेक्षा मोठे आहे. त्यांची झुंज लावायची तर कथेतच तसे कारण हवे. आर्थर कॉनन डॉयल यांनी १९१२ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्ये दक्षिण अमेरिकेतले, उभ्या कड्यांमुळे बाहेरच्या जगापासून तुटलेले पठार योजले आणि आधुनिक माणूस डायनोसॉरसमोर उभा केला.

काळ ठरला की बाकीचे बरेचसे ओघाने येते. क्रिटेशस या डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या अखेरचा भारत घेतला, तर तो अजून आशियाला भिडलेला नाही. हिमालय नाही, म्हणून त्यातून उतरणारी गंगाही नाही. दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचत आहेत. पायाखाली गवत दाखवावे का? डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हते, असा समज दीर्घकाळ होता. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळालेल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण आढळले आणि २००५ मध्ये तो समज मोडला. ही विष्ठा टायटॅनोसॉर या महाकाय शाकाहारी प्राण्यांची मानली जाते. गुजरातेतील धोली डुंगरी येथे तर डायनोसॉरच्या घरट्यात, अंड्याभोवती वेटोळे घातलेल्या सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या सापाचा जीवाश्म सापडला. शेजारी नुकतेच जन्मलेले पिल्लू होते. पिल्ले गिळणाऱ्या या सापाला २०१० मध्ये ‘सनाजेह’ हे नाव मिळाले. टायरॅनोसॉरसच्या उसन्या डरकाळीपेक्षा हा प्रसंग कथेला कितीतरी अधिक देतो.

शिकारी प्राण्यांची गर्दी हा अशा जगांतला नेहमीचा दोष. मोजक्या मांसभक्षकांमागे शाकाहारींचे मोठे कळप आणि त्यांना पुरेल इतका पाला लागतो.

अश्मयुगीन कथेत नकाशाही बदलावा लागतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. कोकणचा किनारा बराच पश्चिमेला होता. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी आणि रेषा कोरलेले तुकडे मिळाले आहेत. त्यामुळे खानदेशातल्या अश्मयुगीन नायिकेच्या गळ्यात अशी माळ निःशंकपणे घालता येते.