पहिल्या भेटीत आम्ही डाएट चार्ट का देत नाही
(वजन आणि चालण्याफिरण्याच्या सवयींसाठी समुपदेशन : ग्राहकांसाठी माहिती)

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या केंद्रात नवीन येणारे बहुतेक जण खुर्चीत बसता बसताच म्हणतात, "तेवढा चार्ट द्या." आम्ही देत नाही. काहींना राग येतो. पैसे घेऊन नुसत्या गप्पाच मारता काय, असंही कुणी तोंडावर म्हणतं. म्हणून हे पत्रक.

चार्ट बहुतेकांच्या घरी आधीच असतो. कधी फ्रिजवर चिकटवलेला, कधी वहिनींनी मोबाइलवर पाठवलेला. गोड कमी खावं, चालावं, हे सांगायला आमची गरज नाही. सोमवारी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर गेलेले बूट गुरुवारी घरातून का निघत नाहीत, इथे खरं अडतं. 'आळस' म्हणून विषय मिटवता येतो, पण कारण बहुधा दिवसाच्या मांडणीत लपलेलं असतं.

वहीचं काम

पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही. फक्त लिहायचं : काय खाल्लं, किती वाजता, कुठे बसून, त्याआधी काय चाललं होतं, नंतर कसं वाटलं.

समजा, खडेबाजारात दुकान असलेले एक काका आहेत. (उदाहरण रचलेलं आहे; आमच्याकडे येणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही छापत नाही.) ते शपथेवर सांगतात, "मी दोनच वेळा जेवतो." खोटं नसतं ते. पण वही सांगते की साडेनऊला शटर ओढून घरी आलं की ताट वाढेपर्यंत टीव्ही लागतो आणि शेव-चिरमुऱ्यांचा डबा मांडीवर येतो. खरी भूक लागलेली असते सात वाजताच, पण समोर गिऱ्हाईक म्हणून मारलेली. अशा माणसाला 'चिरमुरे बंद' सांगून काय होणार? त्यापेक्षा सात वाजता दुकानातच मूठभर फुटाणे आणि एक पेरू, डबा वरच्या फळीवर, टीव्ही जेवण झाल्यावर. सवयीच्या आधी काय घडतं आणि तिच्यातून काय मिळतं ते शोधून नेमकं तिथे हात घालायचा, याला वर्तनोपचार म्हणतात. मनावर ताबा ठेवण्याची परीक्षा रोज रात्री द्यायला लागू नये, एवढीच खटपट.

गप्पा कसल्या?

आम्ही विचारतो, "हे जमेल असं दहापैकी किती वाटतं?" कुणी चार म्हणालं, तर 'दहा का नाही' असं विचारत नाही, 'दोन का नाही' असं विचारतो. मग माणूस स्वतःच सांगायला लागतो की मागच्या वर्षी महिनाभर जमलं होतं, तेव्हा बहीण सोबत यायची. तिथून पुढची वाट सापडते. बोलणं मराठीत किंवा कन्नडमध्ये, दोन्ही चालतं. घरात ज्या भाषेत भांडता त्याच भाषेत बोला, खरं तेच निघतं.

'रोज चालेन' हा बेत नव्हे. 'नातवाला शाळेत सोडलं की तिथूनच मैदानाला दोन फेऱ्या' हा बेत. सुरुवात दहा मिनिटांनी झाली तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी. म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दहा हजार पावलांचा आकडा मात्र १९६५ साली जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. तो गाठला नाही म्हणून खट्टू होऊ नका.

जून लागला की आपल्याकडचा पाऊस, त्यातही खानापूरकडचा, कुणाचाच बेत ठेवत नाही. म्हणून पावसाळ्याची सोय मे महिन्यातच ठरवतो : जिना, घरातल्या घरात चालणं, खुर्चीवरून उठबस.

फरक किती पडतो?

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांवर झालेला मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, ही उद्दिष्टं एकेकाशी बसून समुपदेशनाने गाठायची होती. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. २००६ मध्ये आलेल्या भारतीय अभ्यासात सवयी बदलण्याचा फायदा साधारण २८ टक्के दिसला. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास, तेही सहा महिन्यांत. महिन्यात दहा किलोची जाहिरात वाचून आला असाल, तर तसं काही आमच्याकडे नाही. अमेरिकेतल्या लोकांचंही घटलेलं बरंचसं वजन पुढच्या वर्षांत परत आलं होतं. म्हणून पहिले तीन महिने दर आठवड्याला भेट झाली की नंतर महिन्यातून एकदा बोलावतो. ती भेट बरेच जण टाळतात. टाळू नका.

गणेश चवथीला पाहुण्यांकडून कुंदा, आपली दुधाची मिठाई, येणारच. खा, वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी बूट घाला. एक दिवस मोडला म्हणून आठवडा सोडून देणं, यातच खरं वजन वाढतं.

आधी डॉक्टरांकडे

छातीत दुखत असेल, चार पावलांत धाप लागत असेल, किंवा साखरेसाठी इन्सुलिन वा गोळ्या चालू असतील, तर चालणं वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली जाऊ शकते. औषध आम्ही देत नाही, बदलतही नाही. उदासी किंवा ताबा सुटून खाणं फार असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सुचवतो.

येताना चालू औषधांची चिठ्ठी, अलीकडचे रिपोर्ट आणि एक साधी दोनशे पानी वही आणा. घरात स्वयंपाक करणारं माणूस सोबत आलं तर फारच बरं.