बडोद्यातून गे गेम्सच्या फुटबॉलला जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि कुठे काय सांगावं लागतं

बडोद्यात फुटबॉल खेळणारी आपली मराठी मुलं-मुली कमी नाहीत, आणि त्यातले काही गे आहेत, लेस्बियन आहेत, बाय किंवा ट्रान्स आहेत, हेही आता नवीन राहिलेलं नाही. पण ह्यांच्यासाठी जगात वेगळ्या टूर्नामेंट्स होतात आणि तिथे इंडियातून कुणीही नाव देऊ शकतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ज्यांना माहीत असतं तेही फॉर्मपर्यंत जात नाहीत, कारण पहिला प्रश्न पात्रतेचा नसतोच, पहिला प्रश्न असतो की हे सगळं करताना घरी, ऑफिसात, कॉलेजात कुणाकुणाला कळणार. दांडिया बाजारातल्या एकत्र घरात राहणाऱ्याला ह्याचा अर्थ सांगायला नको. म्हणून प्रक्रिया तर सांगतोच, पण प्रत्येक कागदावर आपल्याबद्दल काय उघड होतं आणि काय होत नाही, तेही बरोबर सांगतो.

आधी आयोजक कोण ते बघू. इंटरनॅशनल गे अँड लेस्बियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आयजीएलएफए, ही १९९२ पासूनची संघटना, जगभरातले क्लब तिचे मेंबर आहेत आणि तिची स्वतःची वर्ल्ड चॅम्पियनशिप होते. २००७ ला ती ब्युनोस आयर्सला झाली, लॅटिन अमेरिकेत पहिल्यांदाच, आणि यजमान अर्जेंटिनाच्या टीमने लंडनच्या स्टोनवॉल एफसी ह्या गे क्लबला फायनलमध्ये हरवलं, मग २००८ ला लंडनमध्ये स्टोनवॉलने घरच्या मैदानावर कप घेतला. दुसरी स्पर्धा म्हणजे गे गेम्स, दर चार वर्षांनी, खूप खेळ असतात आणि त्यात फुटबॉलही. कोविडमुळे २०२२ चे गेम्स २०२३ ला गेले आणि हाँगकाँग व मेक्सिकोचं ग्वादालाहारा अशा दोन शहरांत झाले, त्यानंतरचे स्पेनच्या वालेन्सियाला, २७ जून ते ४ जुलै २०२६. तिसरी स्पर्धा म्हणजे युरोगेम्स, १९९२ ला हेगला सुरू झालेले, २०२४ ला व्हिएन्ना, २०२५ ला लिऑन. नाव युरोचं असलं तरी बाहेरचे लोकही खेळायला येतात.

आता पात्रता. वय १८ पूर्ण पाहिजे, बस. सिलेक्शन ट्रायल नाही, स्टेट खेळलात का कुणी विचारत नाही, फेडरेशनने नाव पाठवायचं नाही, तुम्ही स्वतः ऑनलाइन नाव देता. गे गेम्स सुरू करणारे डॉ. टॉम वॉडेल स्वतः १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉनला, म्हणजे दहा प्रकारांच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत, सहावे आलेले, म्हणजे टॉप लेव्हलचा खेळ काय असतो ते त्यांना पूर्ण माहीत होतं, तरी १९८२ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी जे उभं केलं त्यात पात्रतेची वेळ किंवा स्कोअर ठेवलाच नाही, जो येईल तो खेळेल. मला वाटतं त्या माणसाने केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना धक्का देते, ती म्हणजे तुम्ही गे आहात ह्याचा पुरावा तर सोडाच, गे असणंसुद्धा अट नाही. स्ट्रेट मित्र, बहीण, कोच, कुणीही टीममध्ये येऊ शकतं. त्यामुळे नाव दिलं म्हणजे आपण काहीतरी जाहीर केलं असं कागदावर कुठेच होत नाही, हे नीट लक्षात ठेवा, पुढे व्हिसाला उपयोगी पडेल.

रजिस्ट्रेशन दोन भागात असतं, एक मुख्य फी आणि वर प्रत्येक खेळाची वेगळी फी. टीम असेल तर कॅप्टन टीम बनवतो आणि बाकीचे आपापलं रजिस्ट्रेशन करून त्याला जोडले जातात, एकटे असाल तर तसं लिहायचं, बिनटीमच्या खेळाडूंना एकत्र करून टीम लावायची पद्धत आहे. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाका, घरचं नाव, लग्नाआधीचं आडनाव असला घोळ नको. फी जास्त वाटत असेल तर फेडरेशन ऑफ गे गेम्सची, म्हणजे गे गेम्सच्या मूळ संघटनेची, स्कॉलरशिप आहे, रॉय एम. को ह्यांच्या नावाने, ज्यांना पैसे किंवा परिस्थिती आड येते अशा खेळाडूंसाठी, आणि तिचा अर्ज गेम्सच्या कितीतरी आधी घेतात. तेव्हा आधी स्कॉलरशिप बघा, मग खिशात हात घाला.

पेमेंटला दोन गोष्टी. इंडियन कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद असू शकतो, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. आणि स्टेटमेंटवर कुणाला पैसे गेले ते नाव छापून येतं. पप्पांबरोबर जॉइंट अकाउंट असेल तर ती ओळ त्यांना दिसणार, शिवाय हेच स्टेटमेंट पुढे व्हिसाला लावायचं असतं आणि त्यासाठी सिक्का मारून घ्यायला बहुतेक घरात पप्पाच बँकेत जातात. आपलं स्वतःचं अकाउंट सहा महिने आधी उघडून पगार किंवा ट्युशनचे पैसे त्यात यायला लागू द्या, सगळ्यात मोठी तयारी खरं तर हीच आहे.

पासपोर्ट सोपा आहे. बडोद्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, अहमदाबादच्या ऑफिसखाली येतं, ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला त्यावर आणखी २०००. फॉर्ममध्ये कुठे जाणार, कशाला जाणार हे विचारतच नाहीत. व्हेरिफिकेशनला पोलीस पत्ता आणि केस वगैरे आहे का तेवढं बघतात, शेजारच्या काकू विचारतील की पोलीस कशाला आले होते, त्यांना पासपोर्टसाठी एवढं उत्तर पुरे. ट्रान्स असाल आणि २०१९ च्या कायद्याखाली कलेक्टर ऑफिसचं ओळख प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर आधी पासपोर्टवर नाव आणि लिंग बदलून घ्या, मगच टूर्नामेंटचं रजिस्ट्रेशन आणि शेवटी तिकीट. हा क्रम उलटा झाला तर प्रत्येक कागदावर वेगळं नाव येतं आणि एअरपोर्टवर उभं राहून समजावत बसावं लागतं.

आता खरी कसोटी, व्हिसा. स्पेन, फ्रान्स, ऑस्ट्रिया कुठेही जा, शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाचाच, फॉर्म. स्पेनसाठी बीएलएसच्या, म्हणजे स्पेनतर्फे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, सेंटरला स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, आपल्याला अहमदाबाद जवळ. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी पाहिजेच, पण जून-जुलैला उन्हाळ्याची गर्दी असते म्हणून मार्च-एप्रिललाच अपॉइंटमेंट घ्या. फी ९० युरो, रुपयांत भरायची, नाकारला तर परत नाही, सेंटरचा चार्ज वेगळा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा, गेल्या दहा वर्षांतलाच, दोन पानं कोरी. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, जाण्यायेण्याचं बुकिंग, राहण्याचं बुकिंग, बँक स्टेटमेंट, आयटीआर, पगाराच्या स्लिपा, ऑफिसची सुट्टी मंजुरी, आणि ३०,००० युरोचा इन्शुरन्स. इन्शुरन्स घेताना एजंटला स्पष्ट विचारा की टूर्नामेंट खेळताना गुडघा गेला तर कव्हर आहे का, कारण बऱ्याच पॉलिसीत स्पर्धेतली दुखापत बाहेर असते. खर्चाचा हिशोब स्पेन आपल्या मासिक किमान वेतनावरून लावतो, माणशी रोज त्याच्या दहा टक्के दाखवावे लागतात, म्हणून ऐनवेळी कुणाकडून आणून टाकलेली मोठी रक्कम उपयोगाची नाही, उलट संशय येतो.

फॉर्ममध्ये प्रवासाचं कारण म्हणून चौकोन असतात, टुरिझम, बिझनेस, नातेवाईक वगैरे, त्यातच एक स्पोर्ट्स आहे, त्यावर खूण करा. टुरिझम टाकून आयोजकांचं पत्र लपवायचा सल्ला काही एजंट देतात, तो अजिबात ऐकू नका, चुकीची माहिती म्हणून नकार आला तर तो पुढच्या प्रत्येक अर्जात मागे लागतो. फॉर्ममध्ये तुमच्या लैंगिकतेबद्दल एकही प्रश्न नाही. आयोजकांच्या पत्रावर मात्र गे गेम्स असं नाव असणार आणि ते सेंटरच्या काउंटरवरचा माणूस बघणार, एवढं उघड होतंच. तो कागद बघतो, क्रमाने लावतो, पुढे पाठवतो, निर्णय त्याच्या हातात नसतो. तिथे आवाज खाली करून बोलायची गरज नाही, फाइल सरळ पुढे करा. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपल्याला बाहेर काढलंय, आपण काही गुन्ह्याच्या कामाला चाललेलो नाही.

ऑफिसच्या एनओसीमध्ये, म्हणजे सुट्टी मंजुरीच्या पत्रात, टूर्नामेंटचं नाव लिहून घ्यायची गरज नसते, पद, कधीपासून नोकरी, कुठल्या तारखांची सुट्टी, परत येऊन कामावर हजर होणार, एवढं पुरतं. पण कॉन्सुलेटमधून ऑफिसला फोन येऊ शकतो, म्हणून एचआरमध्ये जो पत्र देतो त्याला स्पोर्ट्स टूर्नामेंटला चाललोय एवढं तरी सांगून ठेवा. एमएसयूमधले, म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले, स्टुडंट असाल तर बोनाफाईड लागेल आणि खर्च आई-वडील करत असतील तर त्यांच्या सहीचं स्पॉन्सर लेटर, त्यांचं आयटीआर, त्यांचं स्टेटमेंट. म्हणजे इथे घरी सांगितल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. खोटी सही तर नकोच. नोकरी लागेपर्यंत एक गेम्स सोडून पुढच्याची तयारी करणं हाही रस्ता आहे, त्यात काही बिघडत नाही.

जोडीने जाणार असाल तर दोघांच्या दोन स्वतंत्र फाइली. सुप्रीम कोर्टाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही इंडियात आपलं लग्न कायद्यात नाही, त्यामुळे फॉर्मवर दोघंही सिंगल, पैशाचा पुरावा ज्याचा त्याचा. हॉटेल बुकिंग एकत्र असलं तर चालतं, फक्त दोघांची नावं त्यावर पाहिजेत, आणि अपॉइंटमेंट शक्यतो एकाच दिवशीची घ्या.

गुजरातीतला कुठलाही कागद असेल तर त्याचं इंग्लिश भाषांतर बरोबर जोडा. उत्तर साधारण १५ दिवसांत येतं, कधी ४५ पर्यंत जातं. नकार आलाच तर छापील कारण मिळतं आणि अपीलची मुदत त्यावर लिहिलेली असते. बहुतेक वेळा कारण पैसे किंवा परत येण्याची खात्री नाही हेच असतं, अशा वेळी स्टेटमेंट आणि नोकरीचे कागद भक्कम करून नवीन अर्ज टाकणं अपीलपेक्षा लवकर होतं. आणि हे सगळं एकट्याने झेपत नसेल तर गुजरातमध्ये लक्ष्य ट्रस्ट गे पुरुषांसाठी २००० सालापासून काम करतोय, राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या, स्वतः उघडपणे गे असलेल्या मानवेंद्रसिंह गोहिल ह्यांनी सुरू केलेला. व्हिसा हे काही त्यांचं काम नाही, पण घरी कसं सांगायचं ह्यावर बोलायला असा माणूस मिळाला तर फाइलीचं अर्धं ओझं हलकं होतं.

तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी ॲक्रेडिटेशनचं, म्हणजे खेळाडूच्या ओळखीचं, कार्ड घ्यायला ओरिजिनल पासपोर्ट आणि रजिस्ट्रेशनचा ईमेल दाखवावा लागतो. त्या ईमेलची प्रिंट काढून न्या, परदेशात उतरल्या उतरल्या नेट चालेलच असं नाही.