थायरॉइडच्या ऑपरेशनला नर्व्ह मॉनिटर मागवताना

आमच्याकडून नर्व्ह मॉनिटर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना आवाजाची नर्व्ह (मज्जातंतू) शाबूत आहे का ते सिग्नलने दाखवणारं मशीन, भाड्याने नेणाऱ्या हॉस्पिटलांसाठी ही माहिती आहे. सर्जनना हे सगळं ठाऊक असतं. पण सिस्टर, टेक्निशियन, मदतनीस यांनाही ठाऊक असलं की सर्जन एका जागी इतका वेळ का थांबलेत, ते कळतं आणि कोणी घाई करत नाही.

मेंदूतून निघालेली व्हेगस नर्व्ह मानेतून छातीकडे उतरते. तिची एक फांदी, रिकरंट लॅरिंजियल, खालून परत फिरते: डावीकडची महाधमनीच्या कमानीला वळसा घालून, उजवीकडची सबक्लेव्हियन धमनीला. मग श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून वर चढून, थायरॉइडच्या मागून ती स्वरयंत्रात शिरते. स्वरयंत्राचे आतले स्नायू, एक क्रायकोथायरॉइड सोडला तर, सगळे तिच्याच जिवावर हलतात. एका बाजूची दुखावली की आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर श्वासच कोंडतो आणि ट्रेकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला भोक पाडण्याची, वेळ येऊ शकते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे स्वरयंत्रात शिरण्याआधीचे शेवटचे एक-दोन सेंटिमीटर. तिथे बेरी लिगामेंट थायरॉइडला श्वासनलिकेशी घट्ट बांधून ठेवतं. गाठ पुढे ओढली की नर्व्हही ताणली जाते. नर्व्ह न कापताही नुसत्या ताणाने किंवा कॉटरीच्या (रक्त थांबवायला जाळणाऱ्या उपकरणाच्या) उष्णतेने ती बंद पडू शकते. म्हणून रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारं हत्यार) धरणाऱ्याने इथे जोर लावू नये.

नर्व्हपासून लांब राहिलं की ती वाचते, असं पूर्वी बरेच सर्जन मानत. अमेरिकेतल्या फ्रँक लाही यांनी 1938 साली तीन हजारांवर ऑपरेशनांच्या आधारे उलट मांडलं: नर्व्ह शोधा, डोळ्यांनी पाहा, मग पुढे जा. आमचंही ठाम मत तेच आहे. उजवीकडे शंभरात जेमतेम एखाद्या माणसात ही नर्व्ह खाली न जाता व्हेगसमधून थेट आडवी येते. तिथे अंदाजाने चालवलेली कात्री फार महागात पडते.

वरच्या टोकाला, सुपीरियर थायरॉइड रक्तवाहिन्यांच्या अगदी जवळून, आणखी एक बारीक फांदी जाते. ती गेली तर बोलणं जवळपास नेहमीसारखं राहतं, पण वरचा सा लागत नाही, लांबून हाक मारता येत नाही. रुग्ण गायक, कीर्तनकार किंवा शिक्षक असेल तर हे सर्जनना आधीच सांगा.

आता मशीनविषयी. भूल देताना श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबवरचे इलेक्ट्रोड स्वरतंतूंना टेकलेले असले तरच सिग्नल येतो. खांद्याखाली उशी देऊन मान मागे केली की ट्यूब सरकते, म्हणून पोझिशन दिल्यावर तिची जागा पुन्हा तपासा. ट्यूबला लिग्नोकेन (बधिर करणारी) जेली नको. लांब टिकणारा मसल रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) नको; भूलतज्ज्ञांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. सुरुवातीला व्हेगसवर प्रोब लावून सिग्नल घ्या आणि टाके घालण्याआधी पुन्हा घ्या. सिग्नल गेला तर आधी वायर, ट्यूब, रिलॅक्संट पाहा. पहिल्याच बाजूचा सिग्नल खरोखर गेला असेल, तर दुसरी बाजू त्या दिवशी करायची की पुढे ढकलायची हे सर्जन ठरवतील. अशा वेळी यादीतल्या पुढच्या केसचा दबाव त्यांच्यावर आणू नका.

थायरॉइडपलीकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. मानेच्या बाजूची गाठ बायोप्सीसाठी काढणं छोटं काम समजलं जातं, लोकल भूल देऊनही उरकतात. पण तिथे स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह कातडीखाली फारशी खोल नसते. ती कापली गेली तर खांदा उतरतो, हात डोक्यावर नेता येत नाही, केस विंचरणंही अवघड होतं. अशा केसला निदान साधा नर्व्ह स्टिम्युलेटर (हलका करंट देऊन नर्व्ह ओळखायचं यंत्र) तरी मागवा.

मशीन नोंदवताना ट्यूबचा नंबर, ऑपरेशन एका बाजूचं की दोन्ही, आणि आधी मानेचं ऑपरेशन झालंय का, एवढं कळवा. दुसऱ्यांदा होणाऱ्या ऑपरेशनला व्रणामुळे नर्व्ह जागेवर सापडेलच असं नाही, म्हणून अशा केसला आमचा माणूस शेवटच्या टाक्यापर्यंत थांबतो.