फिरनीत बुडवलेला उष्टा चमचा

मागच्या रमजानला शेजारच्या खालांकडून मातीच्या वाटीत फिरनी आली आणि घरात सगळे मागं लागले, तू पण कर की, दूध तांदूळ साखर गुलाबजल, अवघड काय त्यात. केली. रात्री मस्त घट्ट होती, सकाळी फ्रीज उघडला तर पातळ, पार मठ्ठा झालेला. खालांना दाखवली तर त्यांनी एवढंच विचारलं, "झूठा चमचा डाले थे क्या?"

डाला था, दोनदा.

फिरनी घट्ट होते ती तांदळातल्या स्टार्चमुळं. तांदूळ अर्धा तास भिजवून रव्यासारखा जाडसर वाटायचा, पीठ नाही करायचं. स्टार्चचे बारीक कण थंड दुधात नुसते तळाला बसतात, पण दूध 70 अंशांच्या आसपास गेलं की ते पाणी पिऊन फुगतात, त्यांच्यातून अमायलोजच्या (स्टार्चचाच एक भाग) लांब साखळ्या बाहेर पडतात आणि सगळं दाट होत जातं. तेव्हा ढवळणं सोडून मोबाईल बघितला की संपलं, तळाला लागलंच. साखर आधी टाकली तर ती पाणी धरून बसते आणि कण फुगायला जास्त आच लागते, म्हणून साखर मागून. 1 लिटर म्हशीच्या दुधाला 50 ग्रॅम तांदूळ भरपूर झाला, जास्त टाकाल तर गार झाल्यावर वड्या पाडाव्या लागतील, कारण थंड होताना त्या साखळ्या परत एकमेकींना चिकटतात.

आता चमचा. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, स्टार्चच्या साखळ्या तोडायचं काम त्याचं, ज्वारीची भाकरी खूप वेळ चावली की गोडसर लागते ती त्यामुळंच. उकळत्या फिरनीत उष्टा चमचा गेला तर फारसं बिघडत नाही, तेवढ्या उष्णतेत अमायलेज निकामी होतं. मी मात्र गुलाबजल नीट पडलं का बघायला कोमट फिरनी चाखली आणि तोच चमचा परत आत! कोमट म्हणजे जवळपास तोंडातलंच तापमान, मग काय, त्यानं निवांत काम केलं.

गुलाबजल कोमट झाल्यावरच का टाकायचं तेही सांगते. गुलाबाच्या वासात मोठा वाटा असलेलं फिनाइल इथाइल अल्कोहोल उकळतं साधारण 220 अंशांना, म्हणजे उकळत्या दुधात टिकायला पाहिजे ना? नाही टिकत, ते वाफेबरोबर निघून जातं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला गुलाबजल बनतं ते असंच, देगेत म्हणजे मोठ्या हंड्यात पाकळ्या न् पाणी उकळायचं आणि वाफ गार करून धरायची. आपण उकळत्या दुधात ओतलं तर तोच प्रयोग उलटा होतो, वास किचनभर आणि फिरनी कोरी. (आणि बाटली खायच्या गुलाबजलाची घ्या, तोंडाला लावायच्या नको.)

मातीची वाटी नुसती दिसायला नसते. ती फिरनीतलं थोडं पाणी शोषते, ते बाहेरून उडतं आणि फिरनी गार न् दाट होते, माठाचंच गणित, आमच्या परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यात तर झक्कास चालतं.

दुसऱ्यांदा चाखायला वेगळी वाटी काढून ठेवली. सकाळी फिरनी जशीच्या तशी. फ्रीजमधून काढल्या काढल्या खालांकडं नेली, त्यांनी एक घास घेतला, "गुलाब कम है." रात्री कोमट असताना बरोबर वाटला होता, पण गार पदार्थातून वास कमीच सुटतो. पुढच्या वेळी एक चमचा जास्त.